डेस्कटॉपवर कोणीच नाही, तरी प्रोसेसर का पळतोय? व्हर्च्युअल डेस्कटॉपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात ज्यांच्या गळ्यात ऑफिसचे व्हर्च्युअल डेस्कटॉप (सर्व्हरवर चालणारे, नेटवर्कवरून वापरायचे संगणक) सांभाळायचं काम आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. परसोडीच्या आयटी पार्कातली कंपनी असो, मिहानमधलं रात्रपाळीचं ऑफिस असो, रामदासपेठेतलं हॉस्पिटल असो की कॉलेजची लॅब, प्रश्न जवळपास तेच येतात. उत्तरं विंडोज डेस्कटॉप धरून दिली आहेत. हे डेस्कटॉप चालवणारी यंत्रणा, म्हणजे हायपरव्हायजर किंवा क्लाउड, व्हीएमवेअर आहे, हायपर-व्ही आहे, प्रॉक्समॉक्स आहे की अझुर, याने जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

रात्री ऑफिसात चिटपाखरू नसतं. तरी डेस्कटॉपचा प्रोसेसर ४०-५० टक्के का दाखवतो?

कारण विंडोज नेमकं त्याच वेळेची वाट बघत असतं. माणूस काम करत असताना मध्ये लुडबुड नको म्हणून कितीतरी कामं मागे ठेवलेली असतात: अपडेटची साफसफाई, अँटिव्हायरसचं स्कॅन, फाइलींचा इंडेक्स, डिस्कची देखभाल, डॉटनेटच्या फाइली पुन्हा कंपाइल करणं. कीबोर्ड आणि माऊस काही वेळ शांत राहिले की टास्क शेड्युलर ही कामं मोकळी सोडतो. त्यावर 'ऑटोमॅटिक मेंटेनन्स' आहेच. त्याची मूळ वेळ रात्री २ ची, आणि तेव्हा मशीन बंद असेल तर पुढे जेव्हा मोकळा वेळ सापडेल तेव्हा.

घरच्या लॅपटॉपवर ही रचना चांगलीच आहे. पण इथे पन्नास-साठ डेस्कटॉप एकाच होस्टच्या (त्यांना चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरच्या) कोअरवर जगतात, सगळे एकाच इमेजवरून (तयार नमुन्यावरून) निघालेले, सगळ्यांचं घड्याळ एक. त्यामुळे वस्तीत टँकर आल्यावर अख्खी गल्ली बादल्या घेऊन धावते तसं होतं. एकट्या मशीनला दहा मिनिटं पुरली असती असं काम तासन्‌तास रेंगाळतं.

म्हणून एकेका डेस्कटॉपवर जाऊन प्रोसेस मारत बसण्याला अर्थ नाही. काम कोणतं, ते केव्हा सुटतं, आणि या प्रकारच्या डेस्कटॉपवर ते लागतं तरी का, एवढं शोधायचं आणि उत्तर इमेजमध्ये नाहीतर ग्रुप पॉलिसीत (सगळ्या मशीनना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) बसवायचं.

किती टक्क्यांपर्यंत ठीक, आणि किती म्हणजे जास्त?

लॉगिन होऊन स्थिरावलेला, कोणी हात न लावलेला डेस्कटॉप १ ते ५ टक्क्यांत खेळायला हवा. मधूनच उसळी आली आणि काही मिनिटांत बसली तर तिच्यामागे लागू नका.

आकड्यापेक्षा आलेखाचा आकार जास्त सांगतो. दोन व्हीसीपीयूच्या (डेस्कटॉपला दिलेल्या आभासी कोअरच्या) डेस्कटॉपवर रेषा ५० टक्क्यांवर सपाट चिकटली असेल, किंवा चार व्हीसीपीयूवर २५ ला, तर बहुधा एकच थ्रेड कुठेतरी गोल फिरत अडकला आहे. म्हणजे एखादं बिघडलेलं ॲप, प्रिंटरचा ड्रायव्हर, अर्धवट मेलेलं एखादं ॲड-इन. रेषा दातेरी असेल, वर-खाली होत तास-दीड तासात आपोआप थंडावत असेल, तर ती देखभालीची कामं. आणि दर पाच किंवा दर पंधरा मिनिटांनी एकसारखा सुळका दिसत असेल, तर कोणता तरी एजंट (मागे चालणारा छोटा प्रोग्राम) ठरलेल्या वेळी जागा होतो आहे.

टास्क मॅनेजरमध्ये 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९७ टक्के खात आहे. तिला बंद कसं करू?

बंद करायचं नाही, करताही येत नाही. तो रिकाम्या वेळेचा आकडा आहे. तिथे ९७ म्हणजे मशीन ९७ टक्के मोकळं.

भाऊ, टास्क मॅनेजर उघडला की वापर झपकन खाली येतो. मग पकडू कसं?

हा या पानावरचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. तुम्ही माऊस हलवला त्या क्षणी विंडोजच्या लेखी मशीन रिकामं राहिलं नाही. मोकळ्या वेळेसाठी ठेवलेली बरीच कामं लगेच मागे सरकतात. म्हणजे बघायला जाणं हेच लक्षण घालवतं, आणि युजरला वाटतं की आयटीवाला आला की मशीन सरळ चालतं.

उपाय एकच, डेस्कटॉपला हात न लावता बाहेरून बघा. दुसऱ्या मशीनवरून परफॉर्मन्स मॉनिटर उघडून त्या डेस्कटॉपला जोडा, नाहीतर त्यावर आधीच एक डेटा कलेक्टर सेट लावून ठेवा. 'प्रोसेस' गटातला 'पर्सेंट प्रोसेसर टाइम' हा काउंटर, सगळ्या प्रोसेससाठी, दर १५ सेकंदांनी, रात्रभर. सकाळी फाइल उघडली की कोण केव्हा उठलं याची हजेरीच मिळते. वाचताना एक ध्यानात ठेवा: या काउंटरमध्ये एका कोअरचे १०० धरतात, त्यामुळे दोन व्हीसीपीयूच्या डेस्कटॉपवर एखादी प्रोसेस २०० पर्यंत जाऊ शकते. तो आकडा चुकीचा नाही.

सोबत टास्क शेड्युलरची हिस्टरी चालू करा. मूळात ती बंद असते. १ वाजून ५८ मिनिटांनी आलेख चढला आणि त्याच मिनिटाला एखादं टास्क सुरू झाल्याची नोंद असली, तर शोध तिथेच संपतो.

पण काही व्हायरसही टास्क मॅनेजर उघडल्यावर लपतात ना?

लपतात. चोरून क्रिप्टो मायनिंग करणारे बरेच प्रोग्राम नेमकं हेच करतात: मशीन रिकामं असताना पळायचं, टास्क मॅनेजर दिसला की गप्प बसायचं. म्हणून आतल्या आकड्यावर विसंबू नका, होस्टवरचा आलेख बघा. त्याच्यापासून काही लपत नाही. देखभालीचं काम कधीतरी संपतं. मायनिंग रात्रभर सपाट चालतं. युजरच्या ॲपडेटा फोल्डरमधून चालणारी, सही नसलेली, नाव मात्र विंडोजच्या सेवेसारखं असलेली फाइल, आणि बाहेरच्या एकाच पत्त्याशी तासन्‌तास उघडं असलेलं कनेक्शन दिसलं की डेस्कटॉप नेटवर्कवरून तोडा. लगेच पुसून टाकू नका, आधी स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची प्रत) घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची खबर ६ तासांच्या आत द्यायची असते, आणि तेव्हा पुरावा हातात लागतो.

विंडोज डिफेंडरला ५० टक्क्यांची मर्यादा आहे म्हणतात. मग तो ९० वर कसा जातो?

मर्यादा खरी आहे. स्कॅनच्या वेळी सरासरी किती प्रोसेसर वापरायचा याची मूळ सेटिंग ५० असते. पण ती सरासरी आहे, आणि तिला एक पळवाट आहे जी फार कमी लोकांना माहीत असते. ठरलेलं स्कॅन मशीन रिकामं असताना सुरू झालं, तर ही मर्यादा लागूच होत नाही. 'डिसेबल सीपीयू थ्रॉटल ऑन आयडल स्कॅन्स' नावाची सेटिंग मुळातच चालू असते. घरच्या संगणकासाठी हा विचार बरोबर आहे, कोणी बसलेलं नाही तर लवकर उरकून घ्या. सामायिक होस्टवर मात्र साठ डेस्कटॉप एकदमच मर्यादा सोडतात.

पॉवरशेलमधून किंवा पॉलिसीने ही सेटिंग फॉल्स करा. स्कॅनच्या वेळा डेस्कटॉपनिहाय इकडेतिकडे पसरवण्याची सोय पॉलिसीत आहे, ती वापरा. रोजची व्याख्या-अपडेट (व्हायरस ओळखण्याची नवी माहिती) प्रत्येक व्हीएमने (व्हर्च्युअल मशीनने) स्वतः उलगडण्याऐवजी एका शेअरवर उलगडून ठेवायची सोयही डिफेंडरमध्ये व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठीच दिलेली आहे. आणि रोज रात्री पुसून नव्याने उभ्या राहणाऱ्या डेस्कटॉपचं आठवडी पूर्ण स्कॅन कशासाठी करायचं? ते स्कॅन गोल्डन इमेजवर (ज्यावरून सगळे डेस्कटॉप निघतात त्या मूळ नमुन्यावर) करा, डेस्कटॉपवर लगेच तपासणारं संरक्षण तेवढं चालू ठेवा.

डिफेंडर पूर्ण बंद करा असं सुचवणारे सल्ले फिरतात. ऐकू नका.

आमचे डेस्कटॉप रोज नव्याने तयार होतात. मग रोज सकाळी तीच बोंब का?

तेच कारण आहे. इमेज बनवताना जे काम अर्धवट राहिलं ते प्रत्येक डेस्कटॉप रोज नव्याने करायला घेतो, आणि संध्याकाळी ते पुसलं जातं. डॉटनेटचं उदाहरण घ्या. अपडेट लावल्यावर डॉटनेट आपल्या फाइली मशीनच्या भाषेत आधीच बदलून ठेवण्याची रांग लावतं आणि मोकळ्या वेळेत ती रांग संपवतं. टास्क मॅनेजरमध्ये 'एमएसकोरएसव्हीडब्ल्यू' नावाने दिसते ती हीच. तुम्ही अपडेट लावून लगेच इमेज सील केली (वाटपासाठी पक्की केली), तर ती रांगही इमेजमध्ये सील झाली. आता शंभर डेस्कटॉप रोज सकाळी तेच शंभर वेळा करणार. सील करण्याआधी एनजेनला (डॉटनेटच्या याच कामाच्या टूलला) 'एक्झिक्यूट क्यूड आयटम्स' सांगून रांग संपवा. ३२ बिटची वेगळी आणि ६४ बिटची वेगळी, दोन्ही.

तसंच बाकीचंही. अपडेट लावल्यावर एक-दोन रीस्टार्ट करून 'टीआयवर्कर' (अपडेट बसवणारी प्रोसेस) शांत होईपर्यंत थांबा. डिफेंडरच्या व्याख्या ताज्या करा. स्टोअर ॲपची अपडेट इमेजमध्येच उरका, नको ती काढून टाका. मग सील करा. इमेजवर घालवलेला तास पूलमध्ये (तिच्यावरून निघालेल्या डेस्कटॉपच्या गटात) शंभर पटीने परत मिळतो, एवढं सोपं गणित आहे.

सर्च इंडेक्सिंग बंद करू का?

आउटलुक वापरत नसाल आणि फाइली सर्व्हरवर असतील तर खुशाल करा. आउटलुक असेल तर बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन येईल की जुनी मेल सापडत नाही. मग इंडेक्सच्या जागा कमी करा आणि प्रोफाइल (युजरच्या सेटिंग आणि फाइली) टिकवणारी व्यवस्था नीट आहे ना ते बघा. इंडेक्स दर लॉगिनला शून्यापासून बनत असेल तर दुखणं इंडेक्सचं नसून प्रोफाइलचं आहे.

युजर म्हणतो "मी तर बंद करून गेलो होतो". आलेख म्हणतो काम चालू आहे. खरं कोणाचं?

दोघांचंही. युजरने खिडकीवरची फुली दाबली, म्हणजे तो डिस्कनेक्ट झाला. सेशन तसंच जिवंत आहे: ब्राउझरचे वीस टॅब, त्यातला एक दर काही सेकंदांनी ताजा होणारा स्कोअरबोर्ड, एक जाहिरातींनी भरलेलं बातम्यांचं पान, एक्सेलमध्ये सतत मोजत बसणारी सूत्रं. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या डेस्कटॉपवर पानावरची प्रत्येक हालचाल प्रोसेसरलाच रंगवावी लागते, हे विसरायला होतं.

ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसखाली सेशनच्या वेळमर्यादा आहेत. डिस्कनेक्ट झालेलं सेशन किती वेळाने संपवायचं ते तिथे ठरवा. हॉरायझन आणि सिट्रिक्स या व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच सोय पूलच्या सेटिंगमध्ये मिळते. किती वेळ द्यायचा हा मात्र तांत्रिक प्रश्न नाही. डिस्चार्ज समरी अर्धी टाइप करून राउंडला गेलेल्या डॉक्टरांना पंधरा मिनिटांची मर्यादा लावली तर लोक तुम्हालाच राउंडला नेतील. विभागप्रमुखांशी बोलून ठरवा, आणि लागू करण्याआधी सगळ्यांना कळवा.

एज आणि क्रोम खिडकी बंद केल्यावरही मागे चालू राहू शकतात, ते पॉलिसीने थांबवता येतं. न वापरलेले टॅब झोपवायची सोय दोन्हींत आहे.

आत २ टक्के दिसतात, होस्ट मात्र त्याच व्हीएमसाठी २५ दाखवतो. कोण खोटं बोलतंय?

कोणी नाही. आतल्या विंडोजला स्वतःचं काम दिसतं. त्या व्हीएमला जागं ठेवण्यासाठी हायपरव्हायजरला पडणारे कष्ट त्याला दिसत नाहीत. बहुतेक वेळा कारण टायमरचं असतं. विंडोजचं अंतर्गत घड्याळ साधारण दर १५.६ मिलिसेकंदांनी टिकटिकतं, म्हणजे सेकंदाला ६४ वेळा. एखाद्या प्रोग्रामने, बऱ्याचदा ब्राउझर किंवा मीटिंगच्या ॲपने, १ मिलिसेकंदाची मागणी केली की तेच हजार वेळा. खऱ्या मशीनला त्याचं ओझं वाटत नाही, व्हर्च्युअल मशीनला वाटतं. कोण मागतंय हे बघायला ॲडमिन कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी'ला 'एनर्जी' हा पर्याय देऊन चालवा. तो ६० सेकंद निरीक्षण करून अहवाल देतो, त्यात नावानिशी उल्लेख असतो.

प्रॉक्समॉक्स किंवा साध्या केव्हीएमवर (लिनक्सच्या हायपरव्हायजरवर) असाल तर आधी एवढं तपासा की व्हीएम बनवताना ओएसचा प्रकार विंडोजच निवडला आहे. तो चुकला तर हायपर-व्हीसारखा कृत्रिम टायमर विंडोजला मिळत नाही आणि रिकामं विंडोज होस्टला विनाकारण दमवतं. हाताने कॉन्फिगरेशन लिहिणाऱ्यांनी त्यासाठीचे 'एसटायमर' आणि 'सिनिक' हे पर्याय चालू आहेत ना ते बघावं. यूएसबी टॅब्लेट नावाचं माऊससाठीचं कृत्रिम उपकरणही होस्टला थोडं जागं ठेवतं. युजर आरडीपीनेच (रिमोट डेस्कटॉपने) येत असतील तर ते काढून चालतं.

मग व्हीसीपीयू वाढवून टाकू? दोनाचे चार?

बहुतेक वेळा नको. अडकलेला थ्रेड चार व्हीसीपीयूवर ५० ऐवजी २५ टक्के दिसेल, एवढाच फरक, आणि तुम्हाला वाटेल दुरुस्त झालं. उलट होस्टवर गर्दी वाढते. व्हीएमवेअरमध्ये 'सीपीयू रेडी' बघा: व्हीएमला काम करायचं होतं पण कोअर मिळाला नाही, तो वेळ. चालू आलेखात दर २० सेकंदांची बेरीज मिलिसेकंदांत येते, म्हणून १००० म्हणजे ५ टक्के. पूर्ण व्हीएमचा आकडा असेल तर व्हीसीपीयूच्या संख्येने भागा. एका व्हीसीपीयूमागे ५ च्या वर सतत राहत असेल तर युजरला अडखळणं जाणवू लागतं, मग आतला टास्क मॅनेजर काही का दाखवेना.

एका व्हीसीपीयूचे डेस्कटॉप मात्र आता दोनावर न्याच.

'एसव्हीसीहोस्ट' किंवा 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट' वर दिसतं. हे कोण?

हे दोघं दुसऱ्यासाठी राबणारे. एसव्हीसीहोस्टवर उजवं बटण दाबून 'गो टू सर्व्हिसेस' केलं की खरी सेवा कळते. डब्ल्यूएमआयच्या बाबतीत कोणीतरी त्याला सतत माहिती विचारत असतं, आणि तो कोणीतरी बहुधा तुम्हीच बसवलेला असतो: इन्व्हेंटरीचा एजंट, मॉनिटरिंगचा एजंट, कधी एकाच कामाचे दोन एजंट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डब्ल्यूएमआय-ॲक्टिव्हिटी'चा ऑपरेशनल लॉग उघडा. अडलेल्या चौकशीच्या ५८५८ क्रमांकाच्या नोंदीत विचारणाऱ्याचा प्रोसेस आयडी असतो.

आमची रात्रपाळी आहे. देखभालीची वेळ २ ची चालेल?

नाही. आपले रात्रीचे २ म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे दुपारचे साडेचार, कामाचा भर. वेळ पाळी सुटल्यानंतरची ठेवा. आणि व्हीएमचं टाइम झोन बघा. अझुरमधले डेस्कटॉप मुळात यूटीसीवर असतात. तिथले रात्रीचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात, हॉस्पिटलात नोंदणीची खिडकी उघडायची वेळ. अझुरवर आणखी एक: आतून शटडाउन केलेलं व्हीएम बिल खातच राहतं. पोर्टलवरून किंवा ऑटोस्केलने ते डीॲलोकेट व्हायला हवं, म्हणजे त्याने अडवलेली जागा सुटायला हवी.

मे महिन्यात सर्व्हर रूमचा एसी दम तोडतो. याचा इथे काही संबंध?

आहे. प्रोसेसरने खाल्लेला प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊन खोलीत येतो. नवतपात बाहेर ४५ च्या वर असताना एसीचं बाहेरचं युनिट आधीच कमी काम करतं, त्यात रात्रभर रिकामे डेस्कटॉप पळत राहिले तर खोलीला थंड व्हायला रात्रही मिळत नाही. उलटा परिणामही होतो. होस्ट फार तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, मग तेवढंच काम जास्त वेळ चालतं आणि आलेख फुगतो. मार्चमध्ये तासाभरात संपणारं स्कॅन मेमध्ये दोन तास रेंगाळलं तर आधी होस्टचं तापमान बघा.

आणि सर्व्हर रूममध्ये कूलर लावू नका. आपल्याकडे हा मोह होतोच. पण ओली हवा आणि सर्किट बोर्ड यांचं जमत नाही.

वीज जाऊन आली की सगळे डेस्कटॉप एकदम उठणार नाहीत अशी टप्प्याटप्प्याची सुरुवात लावून ठेवा. नाहीतर जी गर्दी रात्री २ ला होते ती भर दुपारी होईल.

नेटवर 'विंडोज हलकं करा' अशा स्क्रिप्ट मिळतात. चालवू?

कोणाच्याही नाही. मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअल डेस्कटॉप ऑप्टिमायझेशन टूल, हॉरायझनसोबत येणारं ओएस ऑप्टिमायझेशन टूल आणि सिट्रिक्स ऑप्टिमायझर याच कामासाठी आहेत, आणि काय बदललं ते दाखवतात. तरीही इमेजच्या प्रतीवर चालवा, प्रिंटर, आधारचं बायोमेट्रिक, डिजिटल सहीचं टोकन हे सगळं चालतंय का बघा, मगच पूलला लावा.

विंडोज ११ वर गेल्यापासून रिकामा वापर वाढला. भास आहे का?

भास नाही. विजेट्स आणि वेबव्ह्यूच्या प्रोसेस वाढल्या आहेत, व्हर्च्युअलायझेशनवर आधारलेली सुरक्षाही बऱ्याच ठिकाणी मुळातच चालू असते. विजेट्स पॉलिसीने बंद करा, सुरक्षेला हात लावू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे मागे फिरण्यात अर्थ नाही. होस्टची क्षमता मोजताना नवे आकडे धरा.

व्हेंडरला कॉल टाकण्याआधी काय गोळा करू?

एका बिघडलेल्या आणि एका ठणठणीत डेस्कटॉपचा, एकाच रात्रीचा, प्रोसेसनिहाय काउंटर लॉग. त्याच वेळेचा होस्टचा आलेख, रेडीच्या आकड्यासह. इमेज शेवटची कधी सील केली आणि त्यात काय बदललं, त्याची यादी. हायपरव्हायजर आणि त्याच्या गेस्ट टूल्सच्या आवृत्त्या, कारण जुनी टूल्स असतील तर पहिलं उत्तर "अपडेट करा" हेच येणार, ते आधीच उरकलेलं बरं. वापर 'सिस्टिम' किंवा 'सिस्टिम इंटरप्ट्स'च्या नावावर दिसत असेल तर विंडोज परफॉर्मन्स रेकॉर्डरचा दोनेक मिनिटांचा ट्रेसही जोडा. त्याशिवाय ड्रायव्हरचं नाव बाहेर येत नाही आणि तिकीट आठवडाभर इकडून तिकडे फिरत राहतं.